आमची वाटचाल : सावकाश चालणाऱ्या गाड्यांचं गॅरेज

जुनी बुलेट घेऊन येणारा माणूस बहुधा पिकअपची तक्रार घेऊन येतो. आम्ही आधी गाडी स्लोवर, म्हणजे जागच्या जागी कमीत कमी फेऱ्यांवर, सोडतो आणि ऐकत बसतो. रेस न देता, मधे मिसिंग न होता इंजिन डुगडुगत राहिलं, तर पिकअपचं बोलू. लालबागच्या आमच्या गॅरेजचा हा शिरस्ता बाबांच्या काळापासूनचा आहे.

बाबा गिरणीत फिटर. 1982 च्या संपानंतर त्यांच्यासाठी भोंगा काही परत वाजला नाही. हातात पाना होता आणि चाळीच्या मागे एक गाळा भाड्यानं मिळत होता. सुरुवातीला स्कूटरपासून टेम्पोपर्यंत जे येईल ते केलं. पुढे जुन्या बुलेट, येझदी आणि राजदूत यांच्यावरच हात बसला, कारण नव्या गाड्यांकडे वळलेले मिस्त्री त्यांना हात लावेनासे झाले होते. लेथचं काम परळच्या गाळ्यांतून, सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारातून. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

खरा बदल घडवला तो बोटीवर इंजिनिअर असलेल्या एका मालवणी गिऱ्हाइकानं. त्यानं परदेशात ट्रायल्स हा मोटरसायकलचा खेळ पाहिला होता आणि त्याला आपली बुलेट तशी करून हवी होती. बाबांना वाटलं, शर्यतीची गाडी हवी असणार. तो म्हणाला, “शर्यत नाय ओ, ह्या उलटां!”

ट्रायल्समध्ये घड्याळाला फारशी किंमत नाही. दगड, ओढा, चिखल, मुळं अशा अवघड जागी थोड्या अंतराचे टप्पे आखलेले असतात. टप्प्यात पाय जमिनीला लागला की एक गुण, दोनदा लागला की दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा लागला तर तीन, आणि गाडी अडली तर पाच. हे सगळे दंडाचे गुण, म्हणजे ज्याचे कमी तो जिंकला. वेग जवळजवळ चालण्याचाच. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या डोंगरांत सहा दिवस चालणारी स्पर्धा या खेळातली सगळ्यात मानाची. 1952 आणि 1957 साली ती जॉनी ब्रिटननं जिंकली, साडेतीनशे सीसीच्या रॉयल एनफिल्ड बुलेटवर. मागे स्विंगिंग आर्म, म्हणजे चाकाला वर-खाली हलू देणारा दांडा, असलेली ही बुलेट 1948 साली लोकांसमोर आली तीही ट्रायल्समध्येच. आपल्याकडे जी लष्कराची, पोलिसांची आणि गावच्या पाटलाची गाडी झाली, ती मुळात दगडांवर चढायची गाडी. हे कळल्यावर बाबा काही दिवस बुलेटकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते.

बुलेट दगडांवर चढते याचं कारण इंजिनात आहे. 70 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 90 चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील (इंजिनात फिरणारं वजनदार चाक) यांमुळे कमी फेऱ्यांवरही जोर टिकतो आणि इंजिन पटकन मरत नाही. 1955 पासून मद्रासला बांधायला घेतलेल्या बुलेटनं हीच मापं पुढे अर्धं शतक जपली. येझदीवाले यावर वाद घालतात, कारण त्यांची गाडी टू-स्ट्रोक, आणि त्यांच्याकडेही मुद्दा आहे. 1965 साली सॅमी मिलरनं स्पॅनिश टू-स्ट्रोक बुल्टाकोवर तीच स्कॉटिश स्पर्धा जिंकली आणि जड ब्रिटिश फोर-स्ट्रोकचे दिवस भरले. जुन्या गाड्यांच्या स्पर्धांना ‘प्री-65’ म्हणतात ते त्यामुळेच. पण येझदी स्लोवर फार वेळ ठेवली की प्लग ओला होतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरते, हे त्यांनीही मान्य करावं.

ट्रायल्सची गाडी करताना आम्ही पुढच्या स्प्रॉकेटचे दात कमी करतो, फुटरेस्ट मागे घेतो, सायलेन्सर वर उचलतो आणि खाली इंजिनला पत्र्याचं जाड कवच देतो. 19 इंची चाकांच्या जागी पुढे 21 आणि मागे 18. हवा इतकी कमी ठेवतो की टायर दगडाला चिकटून बसतो. मग रिमवर टायर फिरू नये म्हणून लॉक लावावाच लागतो, नाहीतर ट्यूबचा वॉल्व्ह उपटून निघतो. खरा घाम मात्र गाळावा लागतो पॉइंटवर, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्टवर. गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवता येतो कुणालाही, पण ठिणगीची वेळ मागे-पुढे करणाऱ्या ॲडव्हान्सच्या छोट्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर कार्बोरेटर कितीही पिळा, स्लो लागणार नाही. दहांतले नऊ मिस्त्री कार्बोरेटरच पिळत बसतात.

नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून ट्रायल्सच्या गाड्या टेम्पोत चढवून कर्जतकडे नेतो. उल्हास नदीच्या काठी काळा पाषाण आहे, पाऊस ओसरला की त्यावर शेवाळ. चुन्याच्या रेघा मारून टप्पे आखतो. गुण मोजायला माझी पुतणी बसते. लेथही आता तीच सांभाळते आणि काकाचा पाय लागला तर तिला विशेष आनंद होतो.

धंद्याला याचा उपयोग काय, असं बाबांना सगळे विचारायचे. उत्तर सायनच्या सिग्नलवर आहे. तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, वारा न लागता चालणारं एअर-कूल्ड इंजिन, म्हणजे मुंबईकर रोज ट्रायल्सच खेळतो, फक्त पाय टेकल्याचे गुण कुणी धरत नाही. आमच्याकडची गाडी ट्रॅफिकमध्ये बंद पडत नाही, असं एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि गिऱ्हाईक वाढत गेलं. जाहिरात आम्ही कधी केली नाही.

हल्ली नवं दुखणं इथेनॉलचं. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि पेट्रोल कॉकची बुचं फुगतात. इथेनॉल ओलावा ओढतं आणि मुंबईच्या हवेत ओलावा मागावा लागत नाही. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करून ठेवा. आम्ही आता जुन्या गाडीचे पाइप न विचारताच बदलतो.

आणखी एक. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण चासी आणि इंजिन मूळ स्वरूपात असेल तरच. आजोबांची अस्सल गाडी ट्रायल्ससाठी कापायला कुणी आणली तर आम्ही चहा पाजून परत पाठवतो. कापायला भंगारातल्या फ्रेम पुष्कळ आहेत. फटाके फोडणारे सायलेन्सरही आम्ही बसवत नाही, त्यावर घासाघीस करू नये.

बाबा आता गाळ्यात रोज येत नाहीत, पण रिबोअर झालेलं, म्हणजे झिजलेला सिलिंडर नव्यानं कातलेलं, इंजिन पहिल्यांदा चालू करायचं असलं की त्यांना बोलावतो. रिबोअरची गाडी गणपतीच्या तोंडावर आणू नका, त्या दिवसांत लालबागच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. दसऱ्यानंतर आणा, आणि येताना चालवत आणा. चालू हालतीतल्या इंजिनाचा आवाज आधी ऐकल्याशिवाय आम्ही ते खोलत नाही.