मागे धावू नका, पूल धरा

नाकाबंदी दिसली की यू-टर्न मारून राँग साइडने सुटणारा बाइकवाला ठाण्याच्या घोडबंदर रोडला काही नवा नाही. त्याच्यामागे जीप घालावी का? हेल्मेट, लायसन किंवा ट्रिपल सीटसाठी तर मुळीच नाही. मोटार वाहन कायद्यात विनाहेल्मेटचा दंड १,००० रुपये, पोलिसांचा थांबायचा इशारा मोडल्याचा फार तर २,०००. तेवढ्यासाठी मानपाड्याला रस्ता ओलांडणाऱ्याचा जीव टांगणीला का लावायचा?

६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १७ मीटर जाते. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत १७ ते २५ मीटर संपलेले असतात आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. वेग ९० झाला की हे ब्रेकचं अंतर सव्वादोन पट होतं. पावसात तर विचारूच नका. त्यात सायरन ऐकून लोक बाजूला होतात, ती मोकळी वाट पळणाऱ्याला आयतीच मिळते.

याहून धोकादायक म्हणजे चालत्या बाइकचं हँडल पकडणं. उजव्या मुठीला हात घातला की बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर पडतात, चाक लॉक होतं, हँडल वळतं आणि गाडी आडवी. चालवणाऱ्याला निदान हँडलचा आधार. मागे बसलेला थेट दुभाजकावर. काठी आडवी घातली तरी तेच.

नंबर टिपायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली गाडी कोण चालवत होतं, हे मालकाला पोलिसांना सांगावंच लागतं. पोरगा अल्पवयीन निघाला तर कलम १९९अ नुसार पालक किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पाठलागापेक्षा हे जास्त झोंबतं.

यासाठी नाकाबंदी नीट लागायला हवी. वळणानंतर किंवा फ्लायओव्हरच्या उतारावर नको. बॅरिकेड एका रेषेत न लावता आलटून पालटून, म्हणजे वेग आपोआप पडतो. लेनच्या मधोमध कोणी उभं राहायचं नाही. आणि शंभर-दोनशे मीटर अलीकडे, जिथून लोक वळतात त्या दुभाजकातल्या कटजवळ, एक जण फक्त नंबर वाचायला. बहुतेक नाक्यांवर नेमका हाच माणूस नसतो.

नंबर प्लेट वाकवलेली असली किंवा चेन खेचून चोरीच्या बाइकवर पळाले तर? तिथे नंबर कामाचा नाही, पण ठाण्याचा भूगोल आहे. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. बाहेर पडायच्या मोठ्या वाटा मोजक्या: कोपरी पूल, मुलुंड चेकनाका, कळवा, साकेत, कशेळी, गायमुख. नवी मुंबईतून मुंबई गाठायची तर वाशी किंवा ऐरोली पूल; अटल सेतूवर दुचाकीला बंदीच आहे. वायरलेसवर रंग, मॉडेल, मागच्याची बॅग आणि दिशा गेली, की पुढचा पूल धरता येतो. मुलुंड चेकनाक्यापलीकडे मुंबई पोलिसांची हद्द, म्हणून निरोप ठाण्याच्या कंट्रोल रूमकडून मुंबईच्या कंट्रोल रूमला लगेच जायला हवा.

गोळीबार, अपहरण, माणसं चिरडत सुटलेली गाडी, इथे मागे जावंच लागेल. तेव्हाही पाठलाग सोडायचा की नाही, हे जीपच्या ड्रायव्हरने ठरवू नये. त्याच्या अंगात तेव्हा शर्यत भिनलेली असते. कंट्रोलला बसलेल्या अधिकाऱ्याने वेग, गर्दी, पाऊस विचारत राहावं. समोरचा राँग साइडला घुसला किंवा नजरेआड झाला की या अधिकाऱ्यानेच जीपला ‘थांबा’ म्हणावं.