गायीचं सोसत नाही म्हणून म्हशीचं?

बाळाला गायीचं दूध सोसत नाही, मग म्हशीचं देऊ का? आज दिवसभरात हाच प्रश्न तीन घरांतून आला. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मोठ्यांना अमृत, पण बाळाला दुधाची ॲलर्जी असेल तर म्हशीचं आणि शेळीचंही चालत नाही. प्रथिनं जवळपास सारखीच असतात, त्यामुळे त्रासही तोच. आणि वर्षाच्या आत गायी-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून तसंही नकोच.

दुसरा घोळ 'लॅक्टोज-फ्री' डब्याचा. त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, काढलेली असते, प्रथिन तसंच राहतं. चिकट आव आणि रक्ताचे बारीक धागे दिसणारी शी, अंगावर चट्टे, सारख्या उलट्या असं असेल तर डॉक्टरांना विचारून प्रथिनं बारीक तोडलेली पावडर लागते. तिची चव कडवट असते, बाळ तोंड फिरवतं. शी हिरवट होते, त्याला घाबरू नका.

बाळ अंगावर पीत असेल तर दूध तोडू नका. आईनं २ ते ४ आठवडे दूध, दही, ताक, पेढे, खवा बंद करायचे. बिस्किटाच्या पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स' (म्हणजे दुधाचेच घटक) लिहिलंय का वाचा, बहुतेकदा चूक तिथंच होते. आईला कॅल्शियमची गोळी मात्र हवीच. फरक पडला तरी डॉक्टरांच्या सल्ल्यानं दूध परत सुरू करून बघायचं, त्याशिवाय निदान पक्कं होत नाही.

ओठ सुजले, श्वास घरघरला तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.