तुम्ही विचारलंत म्हणून: हो, आरक्षणच समजा

गणपतीच्या जेवणात असो नाहीतर साताऱ्याहून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर, विचारणारा आधी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतो. दोन हात, दोन पाय, ताटात तिसरी पुरणपोळी. मग म्हणतो, "अपंग सैनिकांच्या कोट्यातून धंदा करतोस म्हणे. म्हणजे तिकडंही आरक्षणच की!"

आजवर हसून पोळी संपवत आलो. यंदा लिहूनच टाकतो.

आधी अपंगत्वाचं. (दिव्यांग म्हणू नका. २००६ साली जे झालं त्यात दिव्य काही नव्हतं.) इराकमध्ये मी अमेरिकेच्या लष्कराचे ट्रक चालवायचो. रस्त्याकडेच्या स्फोटात डावा कान गेला, कंबर कायमची धरली आणि डोक्यात एक शिट्टी सुरू झाली, ती अजून वाजते आहे. इथलं माजी सैनिकांचं खातं, व्हीए, अशा दुखण्यांना दहाच्या पटीत टक्के देतं. त्यांच्याकडे सगळ्यात जास्त नोंद होते ती या शिट्टीचीच, आणि ती कुणाला दिसत नाही. मला ६० टक्के मिळाले. दहावीला जास्त होते. हा विनोद मी करायचा, तुम्ही नाही.

आता कोट्याचं. सरकारी कंत्राटांच्या रकमेतला काही वाटा लढाईत किंवा नोकरीत जायबंदी झालेल्या सैनिकांच्या छोट्या कंपन्यांकडे जावा, असं लक्ष्य अमेरिकेनं १९९९ च्या कायद्यानं ठेवलं. तेव्हा ते ३ टक्के होतं, २०२४ पासून ५ टक्के आहे. पण मी सरकारला काही विकत नाही. मिशिगनमधल्या खासगी कारखान्यांना मी पॅकिंगचा माल देतो: पुठ्ठ्याची खोकी, स्ट्रेच फिल्म, पट्ट्या, पॅलेट. त्यांच्यावर कुणी टक्केवारी लादलेली नाही. मात्र ज्या बड्या कंपन्या सरकारची मोठी कामं घेतात, त्यांना आपण कुणाकुणाकडून किती खरेदी करणार याचा आराखडा लिहून द्यावा लागतो. त्यात आमच्यासाठी एक रकाना असतो. उपकारबिपकार काही नाही. माझं बिल त्या रकान्यात बसतं, म्हणून मी त्यांना हवा असतो.

बसण्यासाठी कागद लागतात. लष्करातून सुटल्याचा दाखला, व्हीएचं पत्र (शून्य टक्क्यांचं असलं तरी चालतं), आणि किमान ५१ टक्के मालकी माझी असून धंदा खरोखर मीच चालवतो याचे पुरावे. एवढं करून मिळतं काय? पुरवठादारांच्या मेळाव्यात कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यासमोर दहा मिनिटं. पुढं भाव बोलतो. भाव जमलाच तर कंपनी पैसे देते ९० दिवसांनी, आणि पुठ्ठेवाल्याला मला द्यावे लागतात ३० दिवसांत. मधले दोन महिने बायकोच्या पगारावर निघतात. तिच्यासाठी कुठला रकाना नाही.

एवढं मी तुम्हाला तोंडीही सांगितलं असतं. पुढचं नसतं सांगितलं.

धंद्याच्या चौथ्या वर्षी एका मोठ्या वितरकाचा माणूस माझ्याकडे आला. एका कंपनीला तो वर्षानुवर्षं खोकी पुरवत होता, आणि त्या कंपनीला आता माजी सैनिकाकडून खरेदी दाखवायची होती. त्याची योजना सरळ होती. माल त्याच्या गोदामातून निघणार, त्याच्याच ट्रकनं कंपनीत उतरणार, बिल तेवढं माझ्या नावावर फाडायचं. मला ३ टक्के. "एका खोक्यालाही हात लावायला नको," तो म्हणाला. कंबर गेलेल्या माणसाला हे किती गोड लागतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

सही केली. सरकारी कंत्राटात असलं काही केलं तर थेट फसवणुकीचा खटला. खासगीत ज्या त्या कंपनीचे नियम. वकील म्हणाला, चालतं. मीही तेवढंच ऐकायला गेलो होतो. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात दिली, उलाढालीच्या आकड्यासकट. तुमच्यातल्या काहींनी फोन करून अभिनंदन केलंत.

वर्ष उलटलं आणि कंपनीच्या पुरवठादार विभागाची बाई गोदाम बघायला येणार असल्याची ईमेल आली. चार दिवस हातात होते. रॅक भरायला कुणाकडून माल उसना आणू का, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "नाटकाचा सेट लावतोयस?" नाही आणला.

फेब्रुवारीची सकाळ, बाहेर गुडघाभर बर्फ. मी शटर वर केलं. एका कोपऱ्यात चिकटपट्टीची खोकी, स्ट्रेच फिल्मचे दोन पॅलेट, बाकी सगळे रॅक मोकळे. बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. घाई नव्हती त्यांना. मग विचारलं, "माल कुठे असतो?"

उत्तर मी चार दिवस घोकलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "इथे येतच नाही. वितरकाकडून थेट तुमच्याकडे जातो."

संपलं, असं वाटलं. आणि खरं सांगतो, हायसं वाटलं.

त्यांनी हातातल्या टॅबलेटकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या माझ्या दाखल्याकडे. "इराक?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या सेवेबद्दल आभार मानले, इथं सगळेच मानतात. मग म्हणाल्या, "आकडा वरच्या अहवालात गेलाय. आता काढला तर त्या रकान्यात काही उरत नाही. पत्ता बरोबर आहे, एवढी मी खूण करते." खूण केली. कॉफी नको म्हणाल्या आणि गेल्या.

थंडी आत येत होती, तरी मी शटर कितीतरी वेळ ओढलं नाही. लबाडी पकडली जायलासुद्धा समोरच्यानं आधी तुम्हाला पुरवठादार समजावं लागतं.

त्याच दिवशी काम सोडलं, असं लिहायला आवडलं असतं. आणखी पाच महिने बिलं फाडली. सुटलं तेही वितरकामुळे: त्याला २ टक्क्यांत तयार असलेला दुसरा माजी सैनिक मिळाला.

आता माझ्या रॅकवर माल असतो. उलाढाल त्या वर्षाच्या निम्मीही नाही, म्हणून स्मरणिकेत जाहिरात दिसत नाही. तेही काहींनी विचारलं होतं.

तर, आरक्षण का? कराडला डिप्लोमाला असताना हॉस्टेलच्या गॅलरीत उभं राहून "मेरिटवर या ना" असं सगळ्यात मोठ्यांदा कोण म्हणायचं? मीच. खोलीतला एक मुलगा ते ऐकत वही लिहीत बसायचा. वर बघायचा नाही. आता त्या गॅलरीतल्या पोराला सांगावंसं वाटतं की माझं वेगळं आहे, मी किंमत मोजली आहे, अंगावर, टक्क्यांत. तो पोरगा लगेच विचारेल, मग त्या मुलाच्या बापजाद्यांनी मोजली नव्हती? याला माझ्याकडे उत्तर नाही. उलट चिडून मी म्हणेन, ज्या पुरवठादाराचा मेव्हणा खरेदी अधिकाऱ्याबरोबर गोल्फ खेळतो त्याला कुणी कागद मागत नाही, तो मेरिटवाला. हेही खरं आहे. पण माझे रॅक मोकळे होते, ते याच्यानं भरत नाहीत.

२०२५ मध्ये ट्रम्प सरकार आलं आणि "विविधता" नावाच्या अशा योजनांविरुद्ध वरची हवा फिरली तेव्हा "आता तुमचं बंद का रे?" म्हणून तिघांचे फोन आले. आवाजात काळजी कमीच होती. ५ टक्क्यांचं लक्ष्य कायद्यात आहे, ते जागेवर आहे. खासगी कंपन्यांपैकी बऱ्याच जणांनी विभागाच्या पाटीवरून "विविधता" खरवडून काढली, काहींनी विभागच गुंडाळला. माझ्या दोन गिऱ्हाइकांकडे फक्त नाव बदललं. फॉर्म तोच आहे, परवाच भरला. "माल स्वतःच्या गोदामात ठेवता का?" असा प्रश्न त्यात अजूनही नाही.

पुढच्या गणपतीत तुम्ही पुन्हा विचारणारच. विचारा. फक्त माझ्या उजव्या बाजूला बसा.