डाव्या हेडलाइटला घाम: जून ते ऑगस्टची नोंद

१८ जून
ताम्हिणीत दिवसभर पाऊस झोडपत होता. रात्री पौडमार्गे परत येताना पुढच्या टेम्पोच्या पत्र्यावर माझ्या गाडीचे दोन्ही झोत पडले. उजव्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी. डाव्याचा नुसता दुधाळ फराटा. सकाळी कोथरूडला पार्किंगमध्ये वाकून पाहिलं, तर डाव्या काचेला आतून दाट वाफ आणि खालच्या कोपऱ्यात चांगलं चमचाभर पाणी.

हेडलाइटला थोडी वाफ धरणं हा बिघाड नव्हे. दिवा हवाबंद नसतोच. पेटला की आतली हवा तापून फुगते आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर जाते. विझला की तीच नळी बाहेरची दमट हवा आत ओढते. पुण्याच्या पावसाळ्यात हवेत आर्द्रता ८५ टक्के असेल, तर काच हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गार झाली तरी दव धरतं.

पण हिशोब करून पाहा. २५ अंशांना एक घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम बाष्प मावतं. माझ्या दिव्यात हवा असेल पाच-सहा लिटर. म्हणजे त्यातलं सगळं बाष्प निथळलं तरी दोन-तीन थेंब. चमचाभर पाणी एवढ्या हवेतून येत नाही, ते कुठून तरी पाणी म्हणूनच शिरलेलं असतं. तुमच्याही दिव्यात तळाशी पाणी हलताना दिसत असेल, तर सुकवायच्या आधी ती वाट शोधा.

२२ जून
मी मात्र आधी सुकवलाच. दिव्याच्या मागचं, बल्बभोवती बसणारं रबरी झाकण काढून हेअर ड्रायरची कोमट हवा सोडली आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवली, नारिंगी दाण्यांची. तिसऱ्या दिवशी दाणे हिरवे, म्हणजे ओलाव्याने भरलेले, आणि काच पुन्हा धुरकट. सिलिका स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी धरते. पण श्वास घेणाऱ्या दिव्यात ती बाहेरची हवाच सुकवत बसते, आणि पुण्याचा आख्खा पावसाळा एका पुडीत मावत नाही.

५ जुलै
बंपरच्या वरच्या क्लिपा आणि दहा नंबरचे बोल्ट काढून अख्खा दिवा टेबलावर घेतला. दोन गोष्टी सापडल्या.

पहिली, मागचं रबर. एच ४ बल्बचे तीन पाय त्यातून घट्ट बाहेर यायला हवेत. गेल्या दिवाळीत एलईडी बल्ब बसवून घेतला तेव्हा त्याचा पंखा मावावा म्हणून बसवणाऱ्याने रबर मधोमध कापलं होतं. कडेला ब्लेडची सरळ चीर स्पष्ट दिसते. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट तिथून आत.

दुसरी गोष्ट पाहून मी बराच वेळ थांबले. दिव्याला रबराच्या दोन वाकड्या नळ्या आहेत, एक वर, एक खाली, तोंडं जमिनीकडे. वरची काढून उजेडात धरली तर आरपार दिसेना. आत कुंभारीण माशीचं घर. वाळलेली तांबूस माती, नळीला अगदी बेतून बसवलेली, आणि मधोमध कागदासारखा पातळ रिकामा कोश. म्हणजे पाणी आत यायला वाट होती, पण वाफेची बाहेर जायची वरची वाट बंद होती. नळी कोमट पाण्यात भिजवून टूथपिकने माती काढली.

मग शिवण तपासली. नवं रबर चढवलं (नाना पेठेत दीडशे रुपयांना मिळालं, काकांनी जुनं शेजारी ठेवून माप जुळवून दिलं), खालची नळी बोटाने दाबली, काच आणि मागच्या डब्याच्या जोडावर साबणाचं पाणी फिरवलं आणि वरच्या नळीतून हलकी फुंकर मारली. एकही बुडबुडा नाही. जोड शाबूत. ही तपासणी करायच्या आधी दिवा ओव्हनमध्ये घालून काच उचकटू नका, अशी कळकळीची विनंती. कंपनीचं ब्यूटिल (काच डब्याला चिकटवणारा रबरी डिंक) एकदा सुटलं की परत तसं बसवणं कठीण, आणि बऱ्याचदा दोष तिथे नसतोच. सिलिकॉन लावायची वेळ आलीच, तर व्हिनेगरसारख्या वासाचं नको. त्याची वाफ रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर खाते. त्या थराला फडकंही लावू नका, ओरखडे कायमचे राहतात.

६ जुलै
सिलिका इथे खरी कामाला आली. झाकणाच्या मोठ्या डब्यात दिवा, रबर काढलेला, शेजारी अर्धा किलो दाणे. दीड दिवसात कोपऱ्यातला शेवटचा थेंबही गेला. दिवा चढवताना एलईडी काढून ६०/५५ वॅटचा हॅलोजन परत लावला. एलईडी आपली उष्णता मागच्या पंख्याकडे सोडतो, काच गारच राहते. हॅलोजनची धग पुढे काचेवर येते आणि वाफ हटते. बल्बच्या काचेला बोट लागू दिलं नाही.

२ ऑगस्ट
धायरीपर्यंत जाऊन आले, वाटेत जोराची सर. दोन्ही दिवे कोरडे. घरी गाडी पाइपनेच धुते आहे. प्रेशर गन हेडलाइटच्या कडांवर धरायची नाही, हे ठरवून टाकलंय.

१६ ऑगस्ट
रात्रभर गाडी उघड्यावर भिजली. सकाळी दोन्ही काचांच्या तळाशी बोटभर वाफ, पाणी कुठेच नाही. लो बीम लावून घड्याळ धरलं. उजवा १८ मिनिटांत साफ, डावा २१. जूनमध्ये डावा दीड तासानंतरही धुरकटच होता. चारही नळ्यांच्या तोंडाला नायलॉनच्या गाळणीची जाळी दोऱ्याने बांधली आहे, हवा जाईल आणि कुंभारीण येणार नाही इतपत. दिवाळीनंतर थंडी पडली की पहाटे पुन्हा वेळ मोजेन.