घेराला दोन रात्री

भाचीच्या गॅदरिंगसाठी शिवलेल्या गोल घेराच्या स्कर्टची खालची कड मी दोनदा उसवली. तिसऱ्यांदा ती मनासारखी बसली. शिवणाऱ्या बऱ्याच जणी याच जागी कंटाळून स्कर्ट पिकोला देऊन टाकतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

कापड आईच्या जुन्या सुती साडीचं. रामा रंगाची, नेसून नेसून साय व्हावी तशी मऊ झालेली. पदराकडे विरली होती म्हणून आईनेच काढून दिली. जुन्या साडीचं बरं असतं, तिचं आटणं कधीच होऊन गेलेलं असतं. नवं सुती कापड असेल तर आधी पाण्यातून काढा, मगच कात्री लावा.

भाचीची कंबर 25 इंच. मी शाळेत नववी-दहावीला भूमिती शिकवते, त्यामुळे हा हिशेब तोंडपाठ असतो: 25 भागिले 6.28 (पायची, म्हणजे 3.14 ची दुप्पट), म्हणजे त्रिज्या साधारण 4 इंच. शिवणीला अर्धा इंच माया धरून कमरेकडे साडेतीनवर कापलं. उंची 24 इंच, खाली मुडपायला 1 इंच, म्हणजे मध्यापासून 29 इंचांवर कड. वर्तुळाचे दोन अर्धे भाग साडीच्या लांबीवर एकापुढे एक छान बसले. काठ खाली लावावा असं भाचीला फार वाटत होतं. पण काठ सरळ विणलेला असतो, तो गोलावर वळत नाही. तो मी कमरपट्ट्याला घेतला आणि तिला तो तिथे आवडला.

पहिल्या दिवशी परकराची कड मुडपतो तशीच एक इंच मुडपली. दर बोटभर अंतरावर चुण्या. इस्त्री फिरवली तर चुण्या दाबून पक्क्या झाल्या, आणि घेर पिळल्यासारखा दिसायला लागला. उसवलं आणि वही घेऊन बसले. कड 29 इंच त्रिज्येवर. दुमड पडते 28 वर. पण मुडपलेली कड जाऊन टेकते ती 27 वर! फरक 2 इंचांचा, गुणिले 6.28, म्हणजे साडेबारा इंच कापड जास्तीचं. ते जाणार कुठे? चुण्यांतच जाणार. आणि हा फरक स्कर्ट लहान असो की मोठा, तेवढाच राहतो. म्हणून लहान मुलींच्या फ्रॉकला तो जास्त जाचतो, तिथे घेरच कमी असतो. तेच पाव इंच मुडपलं तर जास्तीचं कापड होतं 3.14 इंच. उत्तर पाहून मला इतका आनंद झाला की मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. खालचा घेर 176 इंच, म्हणजे जवळजवळ पाच वार. पाच वारांत तीन इंच सुती कापड सहज पोटात घेतं.

मग पाव-पाव इंच दोनदा मुडपून लगेच टीप मारली. अगदी गुळगुळीत बसली. सकाळी पाहिलं तर खुंटीवरच्या स्कर्टची कड चार ठिकाणी खाली लोंबत होती.

ही चूक घाईची होती. गोल कापलं की कापडाचा उभा धागा काही ठिकाणी सरळ खाली येतो, काही ठिकाणी आडवा, आणि चार ठिकाणी बरोबर तिरपा. त्या चार जागा उरेब. उरेब कापड स्वतःच्याच वजनाने उतरतं, आणि ते शिवायच्या आधी उतरू द्यायचं असतं. पुन्हा उसवलं. कमरपट्टा दोन हँगरना चिमट्यांनी चहूकडून सारखा लावून स्कर्ट दोन रात्री नुसता टांगून ठेवला. तारेवर दुमडून टाकायचा नाही, नाहीतर भलतीकडेच ताणला जातो. तिसऱ्या दिवशी एका उरेब जागी तो इंचभर उतरला होता, बाकी तीन जागी पाऊण इंच.

आता कड सारखी करायची तर टेप कमरेपासून नाही, जमिनीपासून लावायचा. भाचीला स्टुलावर उभं केलं, शाळेतली लाकडी मीटरपट्टी स्टुलावर उभी धरली आणि तिच्याभोवती मी फिरले. तिला फिरवलं की घेर हलतो. दर तीन इंचांवर खडूची खूण. "मावशी, अजून किती?" म्हणून ती खाली वाकून बघायची आणि खुणा चुकायच्या, म्हणून शेवटी आईने तिला समोर उभं राहून पाढे विचारले. सगळ्यात आखूड जागा धरून खुणेखाली अर्धा इंच ठेवलं, बाकी कापून टाकलं.

पुढचं काम सोपं. कडेपासून पाव इंचावर 11 नंबरच्या सुईने एकेरी टीप मारली. त्या टिपेवरच दुमड आपोआप वळते, बोटांना अंदाज घ्यावा लागत नाही. इस्त्री ओढायची नाही, उचलून उचलून ठेवायची. ओढली की उरेब जागा पुन्हा ताणते.

दुसरी दुमडही मी मशीनवरच मारणार होते, पण आईने स्कर्ट मांडीवर ओढून घेतला. तिने घरी बसून बावीस वर्षं साड्यांना फॉल लावले आहेत. वरून टाका दिसू नये म्हणून कापडाचा एकच धागा सुईवर घेण्याची तिची सवय आहे. पहिल्या हातभर कडेनंतर थांबून म्हणाली, "अगं, फॉल सरळ असतो. हे कापड हाताखालून वळत जातं. हात त्याच्यामागे न्यावा लागतो." मग तिने पुढचं कापड ओढून धरणं सोडलं, सैल मांडीवर पसरून घेतलं आणि तीन संध्याकाळी पुरी कड संपवली. कोपऱ्यावर पिकोचं दुकान आहे, पण इतक्या मऊ सुतीवर पिकोची कड ताठ होते आणि लाटा येतात. जॉर्जेटला ती शोभते, याला नाही.

आता बहिणीला तसाच हवाय. तिच्या चिंतामणी रंगाच्या साडीचा घेर परवा कापला. तो मागच्या गॅलरीत दोन हँगरवर टांगलेला आहे, कालची एक रात्र झाली. रविवारी सकाळी ती आली की खुणा करू.