टेमिस्कॅमिंग शोर्स: एका किनाऱ्यावरची तीन गावं

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, टोरोंटोहून हायवे 11 धरून उत्तरेला साधारण 500 किलोमीटर. नॉर्थ बे मागे पडलं की खडक, तळी आणि घनदाट जंगल, तासन्‌तास तेच. मग अचानक जमीन सपाट होते आणि शेतं, गोठे, धान्याची कोठारं दिसू लागतात. हिमयुगातल्या एका सरोवराच्या तळाची ही चिकणमाती, म्हणून या पट्ट्याला 'लिटल क्ले बेल्ट' म्हणतात. हायवेलगत होल्स्टीन गाईचा प्रचंड पुतळा दिसला की समजायचं, पोहोचलो.

न्यू लिस्कर्ड आणि हेलीबरी ही दोन गावं आणि डायमंड टाउनशिप मिळून 1 जानेवारी 2004 रोजी टेमिस्कॅमिंग शोर्स हे शहर झालं. वस्ती दहा हजारांच्याही आत. तिन्हींचा मिळून एक मध्यवर्ती चौक शोधायला जाऊ नका. हॉटेल ठरवतानाही पत्ता कुठल्या गावातला आहे ते आधी बघा. आम्ही न्यू लिस्कर्डला उतरलो आणि तेच सोयीचं वाटलं: वाबी नदी, बाजारपेठ, खानावळी, सगळं चालत जाण्याजोगं. डायमंडमध्ये हायवेवरची मोठी दुकानं आहेत. किराणा आणि पेट्रोल तिथे घ्या.

हेलीबरीला मात्र निवांत वेळ द्या. 1903 मध्ये शेजारच्या कोबाल्टला चांदी सापडली आणि खाणमालकांनी हेलीबरीत टेमिस्कॅमिंग तळ्याकाठी बंगले बांधले. 4 ऑक्टोबर 1922 ला आसपास पेटवलेल्या झाडोऱ्याच्या लहानसहान आगी सोसाट्याच्या वाऱ्याने एकत्र आल्या आणि गावाचा बहुतेक भाग जळून गेला. त्या वणव्यात परिसरात 43 माणसं गेली. हिवाळा तोंडावर, डोक्यावर छप्पर नाही. तेव्हा टोरोंटोने आपल्या जुन्या 87 ट्राम इकडे पाठवल्या आणि कुटुंबं त्यांत राहिली. त्यातली एक ट्राम हेलीबरीच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. आत उभं राहून त्या अरुंद जागेत चूल, अंथरुणं, लहान मुलं कशी मावली असतील याचा विचार केला आणि गलबलून आलं. बाकी काही जमलं नाही तरी ही ट्राम चुकवू नका. संग्रहालयाच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आधी फोन करा.

हेलीबरी ते न्यू लिस्कर्ड तळ्याच्या बाजूने चालण्या-सायकलीची वाट आहे. गाडीने जाण्यापेक्षा ती कितीतरी चांगली. पलीकडचा किनारा शेजारच्या क्वेबेक प्रांताचा. हेलीबरीच्या दक्षिणेला 'डेव्हिल्स रॉक' हा पाण्यावर सरळ उभा कडा आहे. पायवाट छोटी, पण वर कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका.

कोबाल्ट या शहरात मोडत नाही, पण गाडीने काही मिनिटांवर आहे. जुन्या खाणी आणि खाणींचं संग्रहालय बघायला अर्धा दिवस काढा.

जूनमध्ये काळ्या माश्या फार चावतात, सप्टेंबर उत्तम. शाकाहारी असाल तर डबा सोबत असू द्या. उत्तरेकडे थॉर्नलोच्या कारखान्यातलं चीझ मिळतंच. अंधारात मूस (इकडची प्रचंड हरणं) रस्त्यावर येतात, म्हणून परतीचा प्रवास दिवसाउजेडीच करा.