तुम्ही विचारलंत म्हणून: प्लास्टरचा साचा इतक्या लवकर का बाद होतो?

घरी मातीकाम सुरू करू पाहणारे बहुतेक जण दोन गोष्टी एका दमात विचारतात. प्लास्टरचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) साचा घेऊन सुरुवात करावी का? आणि केली, तर तो आठ-दहा वस्तूंतच का बाद होतो? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं जरा लांब आहे, कारण जळगाव-धुळ्याकडे साचा वापरून कमी आणि चुकीचा वाळवून जास्त मरतो.

साच्याचं काम एकच, मातीतलं पाणी ओढून घेणं. तो ओला असला तर माती सुटतच नाही. हिशोब साधा आहे. 1 लिटर पाण्यात 1.4 किलो प्लास्टर भुरभुरवलं, दोन मिनिटं मुरू दिलं आणि हलक्या हाताने ढवळून ओतलं, की साच्याचं वजन 2.4 किलो भरतं. त्यातलं जेमतेम 260 ग्रॅम पाणी प्लास्टरशी कायमचं बांधलं जातं. उरलेलं 740 ग्रॅम उडून जायला हवं. म्हणजे कोरडा साचा 1.66 किलोच्या आसपास आला पाहिजे. रोज काट्यावर ठेवा आणि वजन साच्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा. ते उतरायचं थांबलं की साचा तयार. गालाला लावून गार लागतो का ते बघणारेही आहेत, पण काट्यावर भरवसा जास्त.

खरी वाट लागते ती मे महिन्यात, साचा पत्र्यावर ठेवल्याने. सावलीतच पारा 44-45 ला असतो, तेव्हा पत्रा 60 च्या वर तापतो. साधारण 50 अंशांपुढे ते बांधलेलं पाणीही सुटायचा धोका असतो. पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि बोटाला पांढरं लागतं. असा साचा भिजवून परत सुधारत नाही. सावलीत, दोन पट्ट्यांवर उचलून, चारही बाजूंनी वारा लागेल असा ठेवा. दोन भागांचा साचा असेल तर भाग जोडून, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधूनच वाळवा. सुटे वाळवले की वाकतात आणि सांध्यातून माती गळते. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा आणि आठवडाभर थांबायची तयारी ठेवा.

नळाखाली धुणं बंद. प्लास्टर लिटरभर पाण्यात सुमारे 2 ग्रॅम विरघळतं, आणि आधी जातात त्या बारीक रेषा. चिकटलेली माती मऊ, ओलसर स्पंजने एकदाच पुसा किंवा त्याच मातीच्या गोळ्याने टिपून काढा. सुरी, तारेची घासणी, तेल, काही नको. साबणाचं पाणी फक्त साचा बनवताना, दुसरा भाग पहिल्याला चिकटू नये म्हणून. तयार साच्याला ते लावलं की छिद्रं बुजतात. बनवतानाचा साबण अंगाला राहतो, म्हणूनच नव्या साच्यातल्या पहिल्या एक-दोन वस्तू सोडून द्याव्या लागतात.

सुरुवात दाबसाच्यापासून करा. 6-7 मिलिमीटर जाडीची पोळी लाटून साच्यात दाबायची, कडा तारेने कापायच्या. शेतातली काळी माती मात्र आणू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना उभी-आडवी तडकते. कापसाला चांगली, भांड्याला नाही. कुंभाराकडून मळलेली माती विकत घ्या. उन्हाळ्यात कडा तासाभरात सुकतात आणि मधला भाग ओला राहतो, तिथूनच चीर जाते. म्हणून कडांवर प्लास्टिक टाका.

हात बसला की घोळ, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, साच्यात ओतायला घ्या. लिटरभर घोळ 1.75 किलोच्या आसपास भरावा. घोळ वाहता राहावा म्हणून त्यात कोरड्या मातीच्या 0.3 ते 0.5 टक्के सोडियम सिलिकेट घाला. जास्त पडलं तर घोळ तार धरतो. बोअरचं जड पाणी वापरलं तरी तो दाट होतो आणि माणूस आणखी सिलिकेट ओततो. त्यापेक्षा फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घ्या. 15-20 मिनिटांत साच्याच्या आतल्या अंगाला मातीचा 5 मिलिमीटर थर धरतो. याच सिलिकेटमुळे साच्याच्या बाहेरच्या अंगाला क्षारांची पांढरी लव फुटते. ती कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसली की ते क्षार परत आत जातात. दिवसाला दोनच वस्तू काढा. तिसरीला साचा भिजलेला असतो.

प्लास्टरचं टेबल आणि मातीचं टेबल वेगळं ठेवा. मातीत गेलेला प्लास्टरचा कण भाजल्यावर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि महिनाभराने भांड्याचा टवका उडवतो. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, पाइपात दगड होईल.

भाजायला घरी भट्टी लागत नाही. कुंभाराच्या भट्टीत पैसे देऊन जागा मिळू शकते, मात्र आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घागरींची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. वस्तू पूर्ण कोरडी करूनच द्या. आत ओल राहिली तर तुमची फुटेलच, शेजारची घागरही घेऊन जाईल.